स्पंजाला बी नसतं

संपादकांनी फोनवर सांगितलं, "सापांचं लिहा. लोकांना साप आवडतात."

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात मी तेहतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. तेव्हा माझ्याकडे सापांचे किस्से असणार, हा त्यांचा अंदाज बरोबर आहे. घोणस आहे, धामण आहे, प्राचार्यांच्या केबिनमध्ये सापडलेला आणि सापडल्यावर रबरी निघालेला एक नागही आहे. पण या मंडळींनी मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो स्पंजानं, म्हणून त्याचंच लिहितो. लोकांना आवडला नाही तर संपादकांनी मला आधीच बजावलं होतं असं समजावं.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. रोज सकाळी कळंब्याच्या तलावाभोवती चालतो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून चालतो असं घरी म्हणतो, पण खरं कारण असं की मला एका जागी बसवत नाही. वर्तमानपत्र उघडलं की दुसऱ्या पानावर उठतो. चहा घेताना गॅलरीत जातो, परत येतो. बायको म्हणते, "बुडाला काय सुया हायत काय तुमच्या?" तिनं नकळत शास्त्रीय प्रश्न विचारलाय. सुयांकडे मी येणारच आहे.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की सहायक म्हणजे झाडू मारणारा, आणि प्राध्यापकांनाही अधूनमधून तसंच वाटायचं. बरण्यांमधलं, नमुने टिकवायचं फॉर्मॅलिन उडून कमी होतं, ते भरायचं. सूक्ष्मदर्शकांची भिंगं पुसायची. स्लाइडा तयार करायच्या. हाडं सांधायची. प्रात्यक्षिकाच्या तासाला, सर हजेरी घेईपर्यंत, पोरांना हातात धरून दाखवायचं. पोरं प्राध्यापकांना सर म्हणत आणि मला मामा. 'मामा बनवणं' या शब्दप्रयोगाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे तो उलटा चालला. मामा मी होतो आणि बनत पोरं होती. कसं, ते सांगतो.

त्यासाठी स्पंज म्हणजे काय ते थोडं ऐकावं लागेल. भांडी घासायचा नव्हे. तो कारखान्यात होतो. खरा स्पंज समुद्रात होतो आणि तो प्राणी आहे. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही, आणि त्याची चूक नाही. माणसांनी फार वर्षं त्याला वनस्पतीच मानलं. तो जागचा हलत नाही. त्याला डोकं नाही, तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतू नाहीत. डोकं नसून एका जागी चिकटून बसणारे मी विभागात बरेच बघितले, पण स्पंज त्यांच्यासारखा नाही. तो काम करतो.

त्याच्या अंगभर बारीक भोकं असतात. म्हणून त्याच्या संघाचं, म्हणजे प्राण्यांच्या त्या मोठ्या गटाचं, मराठी नाव रंध्रीय. या भोकांतून पाणी आत येतं आणि वरच्या एका मोठ्या तोंडासारख्या भोकातून बाहेर जातं. त्याला ऑस्क्युलम म्हणतात. दिसायला तोंड, प्रत्यक्षात बाहेर जायची वाट. पाणी आत ओढायला पंप कुठला? आतल्या पोकळ्यांना अस्तर असतं विशिष्ट पेशींचं. प्रत्येक पेशीला एक चाबूक आणि चाबकाभोवती शर्टाच्या कॉलरसारखी जाळी. असे असंख्य चाबूक सतत हलत असतात. पाणी पुढे सरकतं, त्यातले जिवाणू आणि अन्नाचे कण कॉलरला अडकतात, पेशी ते गिळते. श्वासही त्याच पाण्यातून, घाणही त्याच पाण्याबरोबर बाहेर. बाहेरून बघाल तर दगडासारखा गप्प आणि आत क्षणाची उसंत नाही. मला हा प्राणी पहिल्यापासून जवळचा वाटत आलाय. फरक एवढाच की माझ्यात जे आत गेलं त्याला ऑस्क्युलम सापडलं नाही.

त्याचं मऊ अंग उभं राहतं ते सांगाड्यावर. काही स्पंजांत हा सांगाडा चुन्याच्या किंवा काचेसारख्या द्रव्याच्या बारीक सुयांचा असतो, काहींत मऊ चिवट धाग्यांचा. आंघोळीचा स्पंज हा दुसऱ्या प्रकारातला. समुद्रातून काढायचा, मांस कुजू द्यायचं, धुवायचं, उरते ती धाग्यांची जाळी. म्हणजे हौसेनं अंग घासणारा माणूस एका प्राण्याच्या सांगाड्यानं अंग घासत असतो. हे धागे आपल्या केसांसारखे प्रथिनांचे. जाळले तर जळक्या केसांचा वास येतो. झाडाचा धागा जाळला तर वाळलेलं गवत किंवा कागद जळल्यासारखा वास. प्राणी की वनस्पती हा वाद मिटवायला विद्वान लागत नाही, स्पिरिटचा दिवा आणि नाक पुरतं. प्रत्येक वर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला मी हे पोरांना सांगायचो, आणि मोठ्या ऐटीत सांगायचो.

ऐट यायला कारणही घडलं होतं. एकदा कागलकडचा एक शेतकरी डबा घेऊन विभागाच्या दारात आला. सर मंडळी कुठल्याशा चर्चासत्रात होती. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पावणं, किड्यांचं डाक्टर तुमीच काय?"

"डॉक्टर नाही. पण किडे ओळखतो. काय झालंय?"

"हिरीत पोरं पवाय उतरली की अंग खाजवत वर येत्यात. म्हातारी म्हणत्या, हिरीत कायतरी हाय. मांत्रिक म्हणतोय कोंबडं द्या. कोंबड्याला मी न्हाय म्हणत न्हाय, पण ते मीच खाल्लेलं काय वाईट?"

डब्यात हिरवट, खरबरीत ढेकूळ होतं. विहिरीच्या दगडावरून खरवडलेलं. मी त्याचा कण स्लाइडवर घेतला आणि भिंगाखाली धरला. सुयाच सुया. काचेच्या, दोन्ही टोकांना टोकदार. गोड्या पाण्यातला स्पंज. समुद्रातल्या त्याच्या भाऊबंदांपैकी फार थोडे गोड्या पाण्यात राहायला आले, त्यातला हा एक, आणि तो थेट कागलच्या विहिरीत. पोरं दगडाला अंग घासत होती, सुया कातडीत रुतत होत्या.

शेतकऱ्याला मी भिंगातून बघू दिलं. तो बराच वेळ बघत राहिला.

"ह्यो जित्ता हाय?"

"जिवंत आहे."

"खातोय काय?"

"तुमचं पाणी गाळून त्यातली घाण खातो."

"म्हंजी पाणी साफ करतोय? आन वर कोंबडं बी मागत न्हाय?" तो उठला. "ऱ्हाऊ दे मग त्याला. पोरांस्नी दुसऱ्या बाजूनं उडी मारा म्हणतो."

उन्हाळ्यात विहीर आटली की हा स्पंज मरतो, हेही मी त्याला सांगितलं. पण मरण्याआधी खसखशीएवढ्या कडक गोळ्या करून ठेवतो. त्या दगडाला चिकटून कोरड्यात पडून राहतात. पाणी आलं की त्यातून पेशी बाहेर पडतात आणि नवा स्पंज सुरू. तो म्हणाला, "म्हंजी मिटलं म्हणायची सोय न्हाय." त्यानं स्पंजाबद्दलच म्हटलं होतं.

त्याच्या पुढच्याच वर्षी तपासणी समिती येणार होती. समिती म्हटलं की महाविद्यालयाची घरात लग्न असल्यासारखी अवस्था होते. न चालणारे पंखे फिरू लागतात, वाचनालयात वाचक बसवले जातात. आमच्या संग्रहालयाची साफसफाई सावित्रीमावशींकडे होती. रोजंदारीवरची बाई, कामाला वाघ. मी स्लाइडा लावण्यात गुंतलो होतो. दुपारी मावशी हसत आल्या.

"मामा, त्यो कपाटातला बोळा लई झ्याक निघाला की! सगळ्या काचा पुसल्या, फरशी पुसली. लई पाणी पितंय. असलं फडकं मी जल्मात बघितलं न्हाय."

कपाट क्रमांक दोन, सात नंबरची काचेची बरणी. आंघोळीचा स्पंज, भूमध्य समुद्रातला, माझ्या जन्माच्या आधी मुंबईहून मागवलेला. जुना, ठिसूळ. बादलीत पिवळ्या चिंध्या तरंगत होत्या. त्या वस्तूचा आंघोळीच्या स्पंजासारखा वापर आमच्या विभागात त्या दिवशी पहिल्यांदा झाला, आणि शेवटचा.

मावशींना काय झालंय ते समजल्यावर त्या जमिनीवरच बसल्या. "आता मला काढत्याल व्हय?"

काढलं असतं. नवा मागवायचा तर जुन्याचं काय झालं ते लेखी द्यावं लागतं, आणि लेखी म्हटलं की खाली कुणाचं तरी नाव लागतं. मी म्हणालो, "कुणाला बोलू नका." संध्याकाळी घरी गेलो तर न्हाणीत खुंटीवर घोसाळ्याची जाळी लटकत होती. पाठ घासायला आमच्याकडे तीच. पिवळट, जाळीदार, चिवट. मी तिचा वीतभर तुकडा कापला, चहाच्या पाण्यात बुडवून रंग थोडा मळवला आणि सकाळी सात नंबरच्या बरणीत ठेवला. समिती आली. समितीतल्या एका गृहस्थांनी नेमकं त्याच बरणीपुढे थांबून "उत्तम जतन" असा शेरा दिला.

चार दिवसांची सोय म्हणून ठेवलेलं घोसाळं वर्षानुवर्षं राहिलं. पोरांनी त्याच्या आकृत्या काढल्या. घोसाळ्यात उभे तीन पोकळ कप्पे असतात, पोरं त्यांना बाण काढून 'ऑस्क्युलम' लिहायची, आणि सर खाली सही करायचे. सर विद्वान होते, पण त्यांचं संशोधन माशांच्या आतड्यातल्या कृमींवर. आतड्याच्या बाहेर त्यांचं फारसं लक्ष नसे. पहिल्या तासाला सांगायचं एक आणि बरणीत दाखवायचं दुसरंच, अशी पोरं मी स्वतः घडवत होतो. हळूहळू मला ते खुपेनासं झालं. खुपणं थांबलं हे आता जास्त खुपतं.

मग पद्मजा आली. कुरुंदवाडची. घरची शेती, कुंपणाशी नदी. सडपातळ, आवाज मात्र नदीपलीकडच्याला हाक मारून सवय झालेला. प्रात्यक्षिकाला सगळ्यांत आधी यायची, सगळ्यांत शेवटी जायची. प्रश्न विचारून घाम फोडायची.

"मामा, स्पंज चाळणीतून दाबून काढला तर मरतो?"

"बारीक कापडातून दाबून त्याच्या पेशी सुट्या केल्या, तर त्या पुन्हा एकमेकींना शोधून चिकटतात. परत स्पंज तयार होतो."

"कुणी सांगितलं त्यांना चिकटायला? डोकं तर नाही."

"तेच तर."

"मला हेच शिकायचंय," ती म्हणाली. समुद्रातले प्राणी शिकायला तिला गोव्याला जायचं होतं, एम.एस्सी.ला. तोवर तिनं समुद्र दोनदाच बघितला होता, दोन्ही वेळा सहलीत, दोन्ही वेळा बसमधून उतरायला उशीर झाल्यामुळे लांबून. घरी अट घातली होती: चांगला प्रथम वर्ग मिळव आणि जा, नाहीतर इथेच बी.एड. कर.

तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून जे परीक्षक आले ते एप्रिलमध्ये कोट घालून आले. आल्या आल्या त्यांनी आपल्या तीन पदव्या कुठल्या ते सांगितलं, आणि जेवण किती वाजता ते विचारलं. मी 'स्पॉट' मांडले होते. म्हणजे टेबलांवर क्रमानं बरण्या, स्लाइडा, हाडं. प्रत्येकापुढे एक विद्यार्थी. मी घंटा वाजवली की पुढच्या वस्तूकडे सरकायचं, नाव आणि संघ लिहायचा, वैशिष्ट्य लिहायचं. यादी सरांनी दिली होती. सातव्या जागी आंघोळीचा स्पंज. मी बरणीचं झाकण काढून ठेवलं होतं, नियमाप्रमाणे.

तोंडी परीक्षेला पद्मजा आत आली तेव्हा परीक्षकांच्या हातात तिचा पेपर होता. त्यांनी मोठ्यानं वाचला. "'सात. घोसाळे. वनस्पती. या टेबलावर चुकून आले आहे.' हे काय आहे?"

"घोसाळं, सर."

"यादीत काय लिहिलंय माहीत आहे?"

"यादी नाही बघितली सर. बरणी बघितली."

आमचे सर खोकले. परीक्षक खुर्चीत मागे रेलले. "घरी भाजीचा धंदा आहे वाटतं?"

"धंदा नाही सर. कुंपणावर येतं. आमची अव्वा वाळवून पाठ घासायला देते." अव्वा म्हणजे तिची आई. बाहेर दारात उभी असलेली दोघं-तिघं हसली. ती हसली नाही. "आत एक काळं बी पण राहिलंय, सर. स्पंजाला बी नसतं."

परीक्षकांनी बरणीकडे बघितलंही नाही. बी होतं, हे मला त्या क्षणी कळलं. कापताना राहिलं असणार.

"सर, एक धागा जाळून बघू या?" ती म्हणाली. "मामांनीच शिकवलंय. केसाचा वास आला तर प्राणी, गवताचा आला तर झाड." आणि तिनं माझ्याकडे बघितलं. वर्गातल्या शहाण्या पोरीनं घरच्या माणसाकडे बघावं तसं.

आमचे सर सरळ माणूस. म्हणाले, "बघू या की. मामा, दिवा आणा."

मी मागच्या टेबलावरचा दिवा उचलला. तो हातात जड लागला. सगळे माझ्याकडे बघत होते. दिवा पेटला असता तर दोन मिनिटांत घोसाळं बाहेर पडलं असतं आणि त्याच्या मागोमाग मी. मावशींची नोकरी वाचवायला मी हे केलं, असं सांगायची सोयही उरली नव्हती. मावशी वर्षापूर्वीच काम सोडून गावी गेल्या होत्या. माझ्या बचावाला आता माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी दिवा परत ठेवला. म्हणालो, "सर, स्पिरिट संपलंय."

"मग राहू द्या," परीक्षक म्हणाले. "जेवणाचं काय झालं?"

त्या प्रश्नाला शून्य मिळालं आणि तोंडी परीक्षेत उद्धटपणाबद्दल आणखी गुण गेले. एकूण निकालात ती ज्या थोड्या गुणांनी मागे राहिली, ते सगळे त्या एका टेबलावर सांडले होते. ती गोव्याला गेली नाही. संध्याकाळी खोली रिकामी झाल्यावर मी चिमट्यानं ते बी काढलं आणि स्लाइडच्या डबीत घालून घरी नेलं. का नेलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. फेकलं असतं तर बरं झालं असतं, असं मात्र कधी वाटलं नाही.

पुढे मी निवृत्त झालो. घोसाळं नोकरीत राहिलं.

गेल्या वर्षी विभागाच्या संग्रहालयाचं नूतनीकरण झालं. काचेची नवी कपाटं, खालून दिवे, दारात पितळी पाटी. पाटीवर उद्घाटकांचं नाव प्राण्यांच्या कुठल्याही नावापेक्षा मोठं. नव्या तरुण विभागप्रमुखांनी घरी येऊन निमंत्रण दिलं: 'ज्येष्ठ सेवकांचा सत्कार'. फोनवर फोटोही दाखवले. मधोमध, सगळ्यांत उजेडात, सात नंबरची बरणी. खाली नवी पाटी: आंघोळीचा स्पंज, भूमध्य समुद्र, दुर्मीळ.

त्या आठवड्यात मी तलावाला दोन-दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी बायकोला काही न सांगता कुरुंदवाडची एसटी पकडली. खिशात स्लाइडची डबी. पद्मजा तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते हे मला माहीत होतं. मधल्या सुट्टीत पोचलो. तिनं लांबूनच ओळखलं आणि तोच आवाज पटांगणभर घुमला.

"मामा! अहो, इकडं कुठं वाट चुकलाय?"

मला शिक्षकांच्या खोलीत बसवलं, चहा मागवला, सगळ्यांना ओळख करून दिली. "हे आमचे मामा. पुस्तकात जे नव्हतं ते ह्यांनी शिकवलं." मग मला तिची प्रयोगशाळा दाखवायला नेलं. एक खोली, दोन टेबलं. खिडकीत ओळीनं सहा स्पिरिटचे दिवे, सगळे गळ्यापर्यंत भरलेले.

"एवढे?"

"रोज सकाळी स्वतः भरते, मामा." ती हसली. "तुम्हाला आठवतं ना? त्या दिवशी त्या खोलीत माझ्यावर विश्वास असलेले तुम्ही एकटेच. लगेच दिव्याला हात घातलात. स्पिरिट संपलेलं निघालं, ते माझं नशीब. तेव्हा ठरवलं, माझ्या पोरांवर ती वेळ नको."

डबी माझ्या मुठीत होती. मी ती बाहेर काढली नाही. चहा प्यालो, पोरांच्या वह्या बघितल्या, कौतुक केलं. निघताना तिनं घरची भाजी पिशवीत भरून दिली. पिशवीत घोसाळी होती, कोवळी. परतीच्या एसटीत मला बसायला जागा होती. मी कोल्हापूरपर्यंत उभा आलो.

सत्काराच्या दिवशी पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर तीन जणांनी त्यांचा परिचय करून दिला. मला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. कुठला तरी नवरदेव पळून गेला आणि मला उभं केलंय असं वाटत होतं. "मामांनी दोन शब्द बोलावेत," विभागप्रमुख म्हणाले. मी नारळ खुर्चीवर ठेवला आणि सोबतच्या पिशवीतून दिवा, काडेपेटी आणि चिमटा काढला. सात नंबरची बरणी पाहुण्यांना दाखवायला मंचावरच आणून ठेवली होती. झाकण काढलं. एक धागा ओढला. दिवा लावला.

धागा पेटला. पंख्याच्या वाऱ्यानं वास खाली सभागृहात गेला. ऊस तुटल्यावर शेतात पाचट पेटवतात, तो वास. आमच्या जिल्ह्यात तो ओळखायला पदवी लागत नाही.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "कुणाचं पाचट पेटलंय रं?"

सभागृह हसलं. विभागप्रमुखांनी घाईनं माइक घेतला. "मामांनी आपल्याला एक गमतीदार प्रयोग दाखवला!" टाळ्या वाजल्या. खरं बोललेलं टाळ्यांखाली असं सहज बुडवता येतं हे मी नोकरीत अनेकदा बघितलं होतं, त्यामुळे माइकची वाट बघितली नाही.

"गंमत न्हाय," मी मोठ्यानं म्हणालो. चारचौघांत मी असं बोलत नाही, पण तोंडात आलं ते घरचं आलं. "हे घोसाळं हाय. मी ठेवलंय. माझ्या न्हाणीतलं. कुरुंदवाडच्या एका पोरीनं, पद्मजानं, ह्याच विभागात परीक्षेत ते बरोबर ओळखलं होतं. तिला शून्य दिलं. ती बरोबर होती."

टाळ्या थांबल्या. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. मग आभारप्रदर्शन झालं, त्यात माझे सोडून सगळ्यांचे आभार मानले गेले. महिनाभरानं मी जाऊन बघितलं. बरणी तिथेच होती, कपाटातला खालचा दिवाही तसाच. फक्त पाटी बदलली होती: 'घोसाळे (तुलनेसाठी)'. कशाशी तुलना, ते लिहिलेलं नव्हतं.

सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी फोन आला. मी तलावावर होतो.

"मामा, व्हिडिओ बघितला. सगळ्या कुरुंदवाडनं बघितला."

"हं."

"मी बरोबर होते."

"व्हय. बरोबर होतीस."

मागे शाळेची घंटा ऐकू आली, पोरांचा कल्ला. "आज अव्वा असती तर म्हणाली असती, माझं घोसाळं कॉलेजात शिकून आलं." ती हसली आणि थांबली. मी पुढची पावलं टाकायची विसरलो. ते ती विचारणार हे मला कळलं होतं.

"मामा, एक विचारू? घोसाळं तुम्हीच ठेवलेलं. म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. मग त्या दिवशी ते स्पिरिट…?"

"हॅलो?" मी म्हणालो. "हॅलो, पद्मजा? आवाज तुटतोय गं. रेंज जातेय."

फोन ठेवला आणि तलावाला आणखी एक फेरी मारली. तिनं पुन्हा फोन केला नाही.

तिच्या शाळेत दिवाळी अंक येतात. शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात मी ते बघितलेत, हाही बघितला. म्हणून संपादकांना सापांचं नाही म्हणालो. स्लाइडची डबी या लेखाबरोबरच तिच्या पत्त्यावर पाठवतोय. बी जुनं आहे, उगवणार नाही, पण ओळखू येतं.

पद्मजा, कळंब्याच्या तलावावर रेंज चांगली येते. आणि त्या दिवशी दिवा गळ्यापर्यंत भरलेला होता. सकाळी मीच भरला होता.